३० पोरं, एक सर्वर: आमच्या लॅबमधल्या लिनक्स मशिनींचं प्रकरण

रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर एक कॉलेज आहे, तिथली कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लिनक्स ॲडमिनिस्ट्रेशनचा पेपर आला, म्हणजे युजर बनवा, परमिशन लावा, वेब सर्वर चढवा, फायरवॉल बघा, आणि हे खरंच शिकायचं तर प्रत्येकाकडे स्वतःचं मशीन पाहिजे ज्यावर तो रूट आहे, म्हणजे सगळे अधिकार त्याच्याकडे, मोडलं तर मोडलं, परत उभं करायचं. पोरं ३०. लॅबमधले पीसी जुने, ४ जीबी रॅमवाले, त्यांच्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून आत आभासी मशीन चालवायचा विषयच नाही. हातात होता एक सेकंडहँड रॅक सर्वर, १२ कोर, ६४ जीबी रॅम, ४८० जीबीच्या दोन एसएसडी मिररमध्ये, म्हणजे वापरायला धरा ४४० जीबी. ठरवलं की सगळ्या मशिनी ह्याच्यावर केव्हीएममध्ये, म्हणजे एकाच सर्वरवर अनेक आभासी मशिनी चालवायची लिनक्समधली सोय, तिच्यात उभ्या करायच्या आणि पोरांनी पुटी (एसएसएचने दूरच्या मशिनीवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) लावून पीसीवरून आत शिरायचं. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, लायसन्सचा एक रुपया नाही, आमच्यासारख्या कॉलेजला हे फार महत्त्वाचं.

आता परिस्थिती सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून आलेत. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं आणि पाऊसही. लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते, कधी दहा मिनिटं कधी दुपारभर. नेट फायबरचं आहे पण हायवेच्या चौपदरीकरणाच्या खोदकामात केबल तुटली की दोन दोन दिवस काही नाही. म्हणजे "नेटवरून करून घेऊ" असं ज्यात येतं ते सगळं इथे बाद धरायचं, जे काय लागेल ते एकदाच उतरवून जवळ ठेवायचं.

पहिल्या दिवशी मी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरच्या डिस्कची फाइल, लावून हाताने इन्स्टॉल करायला बसलो. एका मशिनीला २५ मिनिटं. ३० मशिनींना ७५० मिनिटं, साडेबारा तास, आणि तेही नुसतं इन्स्टॉल, वर पॅकेजं वेगळी. तिसरं अर्धं झालं आणि लाइट गेली, तेव्हाच तो मार्ग सोडला.

मग एक मशीन नीट तयार केलं, उबंटू सर्वर, सगळी पॅकेजं, पोरांसाठी एक युजर, एक पासवर्ड, आणि व्हर्ट-क्लोनने त्याच्या ३० कॉप्या काढल्या. २० जीबीची डिस्क गुणिले ३० म्हणजे ६०० जीबी, पण क्यूकाउ२ फॉरमॅटमध्ये जेवढं भरलंय तेवढीच जागा जाते, एकेक पाचेक जीबीची, त्यामुळे १५० जीबीत बसलं. व्हर्ट-क्लोन प्रत्येकाला नवीन मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) देतो, मी एक-दोन चालू करून बघितली, छान चालली, घरी गेलो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळी ३० एकदम चालू केली. पोरांना सांगितलं होतं की ब्राउझरमधून आपापल्या मशिनीचा कन्सोल उघडा, आयपी बघून वहीत लिहा, आणि मग पुटीने जोडा. पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, मी आत्ता युजर बनवलेला, तो नाहीच आहे." बघायला गेलो तर खरंच नाही, तिने टाइप केलेली कमांड वर दिसतेय, काही एरर नाही, आणि पुटी बंद करून परत जोडलं तर युजर गायब. तेवढ्यात दुसरीकडून आवाज, "सर, माझ्या मशिनीवर कुणीतरी फोल्डर बनवतंय." त्या मशिनीवर हू कमांड मारली तर चार जण लॉगिन. कुणाचं सेशन मधेच अडकतंय, कुणाचं नीट चालतंय पण दुसऱ्याच्याच मशिनीवर. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, दोघांचा आयपी एकच. मग सगळ्या वह्या गोळा केल्या, तीसच्या तीस वह्यांत एकच आकडा.

डीएचसीपी, म्हणजे मशिनींना आयपी वाटायचं काम, आमच्याच सर्वरवर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याची लीजची फाइल, म्हणजे कुणाला कुठला आयपी दिला त्याची नोंद, उघडली तर ३० ओळी हव्यात तिथे एकच ओळ, आणि दर वेळी फाइल उघडावी तर त्या ओळीतला मॅक बदललेला, पण शेवटच्या रकान्यातला क्लायंट आयडी तोच. हे बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

झालं असं होतं. लिनक्समध्ये ईटीसी फोल्डरमध्ये मशीन-आयडी नावाची छोटी फाइल असते, ३२ हेक्स अक्षरांची एकच ओळ, ती पहिल्या बूटला बनते आणि मग कायम तीच राहते. उबंटू सर्वरमध्ये नेटवर्क सिस्टमडी-नेटवर्कडी बघतं, आणि ते आयपी मागताना स्वतःची ओळख म्हणून मॅक पाठवण्यावर थांबत नाही, या मशीन-आयडीवरून बनवलेला एक डीयूआयडी पाठवतं. डीएनएसमास्क त्या ओळखीला मॅकपेक्षा जास्त मानतो. माझ्या तीसही कॉप्यांत मशीन-आयडी एकच, म्हणून डीएचसीपीच्या हिशेबाने ते एकच मशीन होतं जे सारखं कार्ड बदलून येतंय, तर त्याने तोच आयपी तीस वेळा दिला.

आणि दुसरी गोष्ट मला ह्याहून जास्त लागली. आयपी एका मशिनीवरून दुसऱ्यावर उडी मारत होता तरी पुटीने एकदाही ओरड केली नाही. एरवी समोरचं मशीन बदललं की पुटी मोठ्ठी खिडकी दाखवतं, की होस्ट की, म्हणजे त्या मशिनीची एसएसएचमधली ओळख, जुळत नाही, सावध राहा. इथे का नाही दाखवली, तर होस्ट कीसुद्धा सगळ्यांच्या एकच, त्या पण कॉपी झालेल्या. पासवर्ड एकच, होस्टनेम एकच त्यामुळे प्रॉम्प्टही एकच. म्हणजे जी खिडकी असल्या वेळी सांगायला बनवलीय तीच मी क्लोन करून बंद पाडली होती. लॅबमध्ये एका युजरवर निभावलं, हेच कुठे खऱ्या सर्वरवर केलं असतं तर एका मशिनीची की चोरली की तीसही मशिनींचं सोंग घेता आलं असतं.

त्या रात्री बसून यादी केली की मशिनीचं स्वतःचं असं काय काय असतं. मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट की, होस्टनेम, मॅक, आयपी, रँडम सीडची फाइल, जुने लॉग, शेल हिस्टरी. हे प्रत्येकाचं वेगळं पाहिजे. बाकी सगळं सारखं पाहिजे, इतकं सारखं की हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर लिहिलेली कमांड तीसही जणांकडे तेच आउटपुट देईल. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन खाती वेगळी केल्याशिवाय कुठल्याही टूलला हात लावू नये, क्लोन काढणारी टूलं ढीगभर आहेत, पण कुठली गोष्ट कुठल्या खात्यातली हे ते टूल तुमच्यासाठी ठरवत नाही.

व्हर्ट-सिसप्रेप नावाचं टूल आहे लिबगेस्टएफएसमधलं, ते बंद मशिनीच्या डिस्कमधून ह्यातलं बरंच पुसतं. पण एक खोच आहे. ते होस्ट की पुसतं, नवीन बनवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, आणि उबंटू-डेबियनवर साध्या बूटला त्या आपोआप बनतीलच असं नाही, मग एसएसएच सर्विस उठतच नाही आणि माणूस नेटवर्कमध्ये चूक शोधत बसतो. मशीन-आयडीचं पण तसंच, फाइल उडवायची नाही, रिकामी करून ठेवायची, आणि डी-बसच्या फोल्डरमध्ये तीच आयडी खरी फाइल म्हणून पडलेली असेल तर तिथली काढून लिंक करायची, नाहीतर बूटला सिस्टमडी तिथूनच जुनी आयडी उचलून परत लिहितो.

शेवटी मी ती क्लोन केलेली मशिनी सगळीच काढून टाकली आणि वेगळ्या पद्धतीने मांडणी केली.

आयएसओ ऐवजी उबंटूची क्लाउड इमेज घेतली. ही आधीच इन्स्टॉल झालेली डिस्क असते, ओळख काही नसलेली, आणि आत क्लाउड-इनिट बसलेलं असतं जे पहिल्या बूटला मशिनीला तिची ओळख देतं, होस्ट की बनवतं, डिस्क जेवढी दिली असेल तेवढी पसरवून घेतं. नेट चालू होतं त्या दिवशी ही इमेज आणि सगळी पॅकेजं उतरवली, व्हर्ट-कस्टमाइझने पॅकेजं इमेजच्या आत घातली, जीसीसी, विम, अपाचे, टीसीपीडंप, मॅन पेजेस वगैरे, आणि ही झाली आमची मूळ इमेज. हिच्यावर ३० थर टाकले. क्यूईएमयू-आयएमजी ह्या डिस्कच्या फायली बनवणाऱ्या टूलला सांगायचं की नवीन क्यूकाउ२ डिस्क बनव आणि तिच्या पाठीला ही मूळ इमेज लाव. पाठीमागच्या फाइलचा फॉरमॅटही सांगायचा, क्यूईएमयू ६.१ पासून तो न सांगता कमांड चालतच नाही. अशी एक डिस्क बनायला सेकंद पण लागत नाही आणि रिकामी असताना ती दोनेकशे केबीची असते. तीस डिस्का मिळून सहा एमबी! आधी १५० जीबी लागले होते तिथे. मशीन चालू झालं की जे वाचायचं ते मुळातून वाचतं, जे लिहायचं ते आपल्या थरात लिहितं, ६४ केबीच्या तुकड्यांत.

ओळख द्यायला प्रत्येकाला एक इवलीशी आयएसओ लावली, तिचं लेबल सीआयडेटा असंच पाहिजे, आत दोन फायली, यूजर-डेटा आणि मेटा-डेटा. मेटा-डेटात इन्स्टन्स-आयडी आणि होस्टनेम, यूजर-डेटात त्या पोराचा युजर, पासवर्डचा हॅश, टाइमझोन. दोन ठिकाणी माझा वेळ गेला ते सांगतो. यूजर-डेटाची पहिली ओळ हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून क्लाउड-कॉन्फिग हीच हवी, मी वर एक मराठीत कमेंट टाकली होती तर पूर्ण फाइल बाजूला टाकली त्याने, मशीन उठलं पण लॉगिन कुणालाच नाही. आणि दुसरं, फाइलमध्ये बदल करून नुसतं रीबूट केलं तर काही होत नाही, कारण इन्स्टन्स-आयडी तीच असली की क्लाउड-इनिट समजतं हे मशीन आपण आधीच तयार केलंय. आयडी बदलली की परत सगळं करतं.

आयपीसाठी रोल नंबरच वापरला. केव्हीएमचे मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, शेवटचा जोड रोल नंबरचा ठेवला, रोल नंबर ७ तर शेवटी ०७, २३ तर २३. हेक्समध्ये २३ म्हणजे खरं तर ३५, पण आपल्याला किंमतीशी काय करायचंय, आकडा वेगळा असला की झालं, ९९ पर्यंत हे चालतं. डीएनएसमास्कमध्ये त्या मॅकला ठरलेला आयपी, शेवटी १०७, १२३ असा. होस्टनेम पण त्यावरूनच. आता पोरगा प्रॉम्प्ट बघूनच सांगतो आपण कुठे आहोत, आणि मी लॉगमध्ये आयपी बघून सांगतो कोण अडकलंय. तीस ओळींची एक फाइल, रोल नंबर आणि हॅश, आणि तिच्यावर फिरणारी एक शेल स्क्रिप्ट, तीसही मशिनी चहा होईपर्यंत उभ्या.

इथपर्यंत सगळं छान आणि मग जुलैच्या शेवटी माझ्या हातून मोठी चूक झाली. मॅडमनी सांगितलं की पुढच्या प्रॅक्टिकलला एक पॅकेज अजून लागेल. मी विचार केला तीस ठिकाणी टाकण्यापेक्षा मुळात टाकू, सगळ्यांना दिसेल. पोरांची मशिनी बंद होती, मी मूळ इमेज बूट केली, पॅकेज टाकलं, बंद केली. दुसऱ्या दिवशी निम्मी मशिनी उठेचनात, जी उठली त्यांची फाइलसिस्टम रीड-ओन्ली, एफएसचेक चालवलं तर एररची रांग.

आमचे लॅब असिस्टंट काका बाजूला उभे होते. त्यांची घरी हापूसच्या कलमांची छोटी नर्सरी आहे, आणि ते दिवस कोय कलमांचेच, संध्याकाळी घरी जाऊन ते कलमं बांधायला बसायचे. मी त्यांना समजावत होतो की खाली एक मूळ आहे आणि वर तीस थर, तर ते म्हणाले, "म्हणजे काडी बांधल्यावर तुम्ही खुंट हलवलात काय ओ सर? मग कसं जगेल?" अगदी तेच. रोपाचा शेंडा छाटून, खुंटाला मधोमध काप देऊन काडीची पाचर बसवली, पट्टी गुंडाळली, की काडी त्या खुंटाच्या त्या कापाशीच जुळलेली असते, खाली नंतर काही केलं तर जोड सुटतो. इथे थराला माहीत असतं की अमुक तुकडा माझ्याकडे, बाकीचे मुळात अमुक जागी. फाइलसिस्टमचा हिशेब अर्धा थरात, अर्धा मुळात. मूळ बदललं की दोन्ही अर्धे वेगवेगळ्या दिवसाचे, आणि ते परत जुळवता येत नाहीत. मुळाची जुनी कॉपी माझ्याकडे नव्हती.

मशिनी परत उभी करायला अर्धा तास लागला. पण पोरांची दोन आठवड्यांची कामं गेली, काहींनी स्क्रिप्टा फार मनापासून लिहिल्या होत्या, आणि वर्गात उभं राहून हे सांगणं मला जड गेलं.

त्यानंतर तीन बदल केले. मूळ इमेजच्या नावात तारीख, परमिशन फक्त वाचायची, आणि एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर; नवीन काही हवं तर नव्या तारखेची नवी इमेज, जुनीला कुणी हात लावायचा नाही. पोरांचं होम फोल्डर वेगळ्या २ जीबीच्या डिस्कवर, ज्याला मूळ वगैरे काही नाही आणि जिचा रोज रात्री बॅकअप होतो. म्हणजे सिस्टमची डिस्क कधीही फेकून नवीन लावता येते आणि काम शाबूत. तिसरं, मधेच लागणारी छोटी पॅकेजं ॲन्सिबलने, म्हणजे एका जागेवरून अनेक मशिनींवर काम करणाऱ्या टूलने, तीसही ठिकाणी टाकायची. त्याला मशिनीवर काही बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथन पुरतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ते एका वेळी पाचच मशिनींवर जातं, तो आकडा मी १५ केला. आणि सर्वरवर एपीटी-कॅशर-एनजी लावलं, त्यामुळे पॅकेज नेटवरून एकदा येतं आणि उरलेल्या २९ जणांना घरातूनच मिळतं. केबल तुटलेली असताना हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

आपोआप होणारे अपडेट मात्र मूळ इमेजमध्येच बंद केले. नाहीतर दिवसात केव्हातरी प्रत्येक मशीन आपलं आपलं अपडेट ओढतं, तीच पॅकेजं तीस थरांत तीस वेळा लिहिली जातात आणि जागा वाचवायला केलेली सगळी मांडणी महिन्याभरात फुगते. अपडेट करायचे ते मुळात, सत्र बदलताना. बाहेरच्या जगाला उघड्या मशिनींवर मी असं अजिबात करणार नाही, ही लॅबच्या आतली आहेत म्हणून.

रॅमचा हिशेब सोपा, दीड जीबी गुणिले ३० म्हणजे ४५, सर्वरला १९ उरतात. केएसएम चालू केलं, म्हणजे कर्नल रॅममधली हुबेहूब सारखी पानं शोधून एकच ठेवतो, २.६.३२ कर्नलपासून हे आहे, आणि एकाच मुळावरच्या मशिनींत सारखी पानं भरपूर निघतात. त्याला प्रोसेसर थोडा लागतो, आणि अनोळखी लोकांची मशिनी एकत्र असतील तर सारख्या पानांवरून एकाला दुसऱ्याचा अंदाज घेता येऊ शकतो म्हणून तिथे ते बंद ठेवावं.

लाइटचं काय केलं ते राहिलं. यूपीएस दहा मिनिटं टिकतो. त्याची यूएसबी वायर सर्वरला लावली, नट नावाचा प्रोग्रॅम बॅटरी बघतो, तीन मिनिटं गेली आणि लाइट नाही आली तर मशिनी बंद करायला घेतो, एकेक करून नाही, दहा-दहा एकदम, कारण एकेक करत बसलं तर दहा मिनिटं पुरत नाहीत. सर्वर बंद होताना आतल्या मशिनींचं काय करायचं ते लिबव्हर्ट-गेस्ट बघतं, काही ठिकाणी त्याची मूळ सेटिंग सस्पेंडची असते, म्हणजे बंद करण्याऐवजी प्रत्येकाची रॅम डिस्कवर लिहायची, ४५ जीबी यूपीएसवर लिहीत बसायचं, ते बघून शटडाऊन करून ठेवा. लाइट आल्यावर उलटं. ऑटोस्टार्ट बंदच ठेवलं, माझी स्क्रिप्ट चार-चार मशिनी थोड्या थोड्या वेळाने उठवते, तीस एकदम उठली की सगळी एकाच मूळ फाइलवर तुटून पडतात आणि कुणालाच पाच मिनिटं लॉगिन मिळत नाही.

ऑक्टोबरमध्ये एका पोराने एफएसटॅब, म्हणजे बूटला कुठल्या डिस्का जोडायच्या ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये चुकीची ओळ टाकली आणि त्याचं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. तो घाबरून आला. मी त्याला म्हटलं आधी तूच दुरुस्त करायचा प्रयत्न कर, नाहीच झालं तर दोन मिनिटात नवीन देतो. त्याने तासभर बसून कन्सोलवरून ते दुरुस्त केलं आणि मग शेजारच्या दोघांना मुद्दाम मोडून दाखवलं.

यंदा तुकडी ६० ची होणार आहे. जागेचा प्रश्न नाही, रॅमचा आहे, ९० जीबी लागतील. मशिनींऐवजी एलएक्ससी कंटेनर वापरा असं मला दोघांनी सुचवलं, त्याला रॅम फार कमी लागते आणि युजर, परमिशन, वेब सर्वर एवढं सगळं त्यात शिकवता येतं. पण त्यात कर्नल सगळ्यांचा एकच असतो, बूट मोडत नाही, ग्रब (बूटलोडर) दिसत नाही, एफएसटॅब चुकलं तरी असं इमर्जन्सीत जाऊन पडत नाही. म्हणून मी रॅमचा प्रस्ताव लिहून दिलाय, ६४ ची १२८ करायचा, आणि तो पास होईपर्यंत दोन बॅच करू, सकाळी ३०, दुपारी ३०, मूळ इमेज तीच.